थोरल्या शिंपलीची बारी

चंपालाल शेटजींच्या दुकानातली गोळ्या-बिस्किटांची काचेची पेटी एका सकाळी रिकामी झाली आणि तिच्यात समुद्र भरायचं ठरलं. हे ठरवलं त्यांच्या बायकोने, अंगुरीबाईंनी. शेटजींनी ठरवलं असतं तर गावाने त्यांना अकोल्याच्या डॉक्टरकडे नेलं असतं. पण अंगुरीबाईंच्या गोष्टींना वेडेपणा म्हणायची शिरपुरात पद्धत नव्हती. जीवदया म्हणायची पद्धत होती.

मी इंद्रभान. तेव्हा शिरपूरच्या बसथांब्याजवळ रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवत होतो. दुकान म्हणजे चार पत्रे, एक टेबल आणि गाव परत न्यायला विसरलेले रेडिओ. वडिलांनी छप्पन साली नागपूरला दीक्षा घेतली आणि घरी आल्यावर मला एकच गोष्ट सांगितली, की जुनी कामं बंद, काहीतरी विजेचं शीक. मी शिकलो. मी सांगतो आहे ती गोष्ट त्र्याहत्तर सालची. वाशिम जिल्हा अजून व्हायचा होता, आम्ही अकोल्यात होतो, आणि समुद्र आमच्यापैकी फार थोड्यांनी पाहिला होता.

अंगुरीबाईंनी तो जेठ महिन्यात पाहिला. भाचीच्या लग्नाला नवराबायको मुंबईला गेले होते. परतीच्या दिवशी एका गल्लीत एक कोळीण टोपली घेऊन बसली होती. टोपलीतली एक शिंपली जराशी उघडली आणि तिने अंगुरीबाईंच्या पातळावर पाण्याची चूळ टाकली. तोवर बाईंची समजूत होती की शिंपली हा दगडाचा प्रकार आहे. तो जीव आहे आणि तो विकायला ठेवला आहे, हे कळल्यावर त्या तिथून हलेनात. टोपलीत नऊ उरल्या होत्या, त्या सगळ्या त्यांनी घेतल्या. कोळिणीने विचारलं, साफ करून देऊ का. बाईंना वाटलं धुवून देते आहे, त्या हो म्हणणार होत्या. शेटजींची नजर कोयत्यावर गेली म्हणून नऊ जीव वाचले.

बाई म्हणाल्या, आता या समुद्रात सोडू. शेटजी म्हणाले, गाडी सुटेल. चाळीस वर्षांच्या दुकानदारीत त्यांनी कोणाचीही गाडी सुटू दिली नव्हती. तेव्हा कोळिणीकडूनच तुपाचा एक रिकामा डबा समुद्राच्या पाण्याने भरून घेतला, त्यात शिंपल्या टाकल्या, आणि ते बिऱ्हाड शिरपूरला आलं.

दुसऱ्या दिवशी बाई गावातल्या जैन देवळात गेल्या आणि देवासमोर नियम घेतला. जोवर हे नऊ जीव समुद्रात परत जात नाहीत तोवर मीठ बंद. आणि यातला एक जरी आपल्या हातून मेला, तर मीठ जन्मभर बंद. शेटजींचा धंदा किराण्याचा, त्यातही मुख्य मिठाचा. पोती छतापर्यंत लागलेली असायची. त्या घरात आता मीठ शिंपल्यांना मिळणार होतं, बाईंना नाही.

लगेच का परत नेल्या नाहीत, असं कोणी विचारील. शेटजींचे बियाण्याच्या हंगामाचे दिवस होते. तो संपेपर्यंत चातुर्मास लागला, आणि चातुर्मासात गावाची शीव ओलांडायची नाही हा बाईंचा जुना नियम. मिठाची पोती घेऊन मुंबईकडून ट्रक आणणारा बाबूलाल म्हणाला, मी नेऊन सोडतो. पण बाबूलाल मासे खातो हे सगळ्या गावाला ठाऊक होतं. बाईंनी त्याला चहा पाजला आणि दर फेरीला फक्त पाणी आणायला सांगितलं. समुद्राच्या पाण्याचे डबे मिठाच्या पोत्यांवर बसून यायला लागले, आणि ते कमी पडलं की विहिरीच्या पाण्यात पोत्यातलं मीठ कालवलं जायचं.

मला बोलावणं आलं ते हवेसाठी. पाण्यात हवा गेली नाही तर जीव गुदमरतात, हे शेटजींना मुंबईच्या पाहुण्याने सांगितलं होतं. मी जुन्या रेडिओच्या ट्रान्सफॉर्मरची गुंडाळी, लोहचुंबक आणि सायकलचं रबर जोडून एक यंत्र बनवलं. ते दिवसभर घुंगुरट्यासारखं घूं घूं करत पाण्यात बुडबुडे सोडायचं. वीज गेली की ट्रकची जुनी ट्यूब हवेने टम्म फुगवून तिच्या तोंडाला सायकलची वालट्यूब लावून ठेवायची. ती फुसफुसत बराच वेळ पुरायची. वीज रोज जायची, त्यामुळे ट्यूब रोज फुगवावी लागायची, आणि ती मी फुगवायचो.

त्या घराच्या ओसरीपलीकडे मी कधी गेलो नव्हतो. रेडिओ दुरुस्तीला निघाला की तो ओसरीवर यायचा, मी आत जायचो नाही. तहान लागली तर बाई वरून ओंजळीत पाणी ओतायच्या. फार मायेने ओतायच्या, पोट भरेपर्यंत. मायेने ओतलं तरी ते वरूनच ओतलेलं असतं, आणि मला त्याचा राग यायचा, जो मी घरी बायकोवर काढायचो. पण पेटी ठेवली होती माजघराच्या खिडकीत, कारण हवं तेवढं ऊन तिथेच यायचं. ओसरीवरून नळी तिथवर पुरेना. बाई उंबऱ्यात जरा वेळ उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, ये आत. राज्यघटनेला तेव्हा तेवीस वर्षं झाली होती. ओसरी ओलांडायला मला नऊ शिंपल्या लागल्या. पाणी मात्र आतही वरूनच मिळालं.

बाकीची व्यवस्था हळूहळू लागली. पेटीतलं पाणी उडून जायचं आणि खारटपणा वाढायचा, तो मोजायला मी वाशिमच्या एका दूधवाल्याकडून लॅक्टोमीटर आणला. लॅक्टोमीटरच्या मते समुद्र म्हणजे थोडं पाणी घातलेलं दूध. तेवढी खूण आम्ही पक्की धरली. खायला म्हणून गच्चीवर उन्हात खारं पाणी हिरवं होईपर्यंत ठेवायचं आणि ते वाटीवाटीने पेटीत घालायचं. हिरव्या पाण्यातही जीव असतात, याची बाईंना जाणीव होती. त्या रोज वाटी ओतायच्या आणि रोज त्याची माफी मागायच्या.

शिंपल्या वाळूत अर्ध्या रुतून बसायच्या, ओठ जरा उघडून पाणी आत घ्यायच्या, बाहेर सोडायच्या. दुसरं काही करायच्या नाहीत. तरी बाई तासन्‌तास बघत बसत. सगळ्यांत मोठीचं नाव थोरली पडलं. काठाचा टवका उडालेली ती टवकी. बाकीच्यांना बाई सरसकट पोरी म्हणत. देवळात आलेले यात्रेकरू आता शेटजींच्या घरीही दर्शनाला येऊ लागले. शेटजी म्हणत, लोक पेटीसमोर हात जोडतात आणि दुकानातून काही न घेता जातात. त्यांचा खरा त्रास वेगळा होता. बाईंच्या हाताला अळणी स्वयंपाकाची सवय लागली होती आणि भाजीत मीठ घालायचं त्या विसरत. शेटजी जेवायला बसले की खिशातून मिठाची पुडी काढत. मिठाचा व्यापारी स्वतःच्या घरी चोरून मीठ खातो, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

श्रावणाच्या सुमारास टवकी उघडेनाशी झाली. नुसती फट ठेवून बसायची. मग आणखी दोघी. बोटाची सावली पडली तर पूर्वी पटकन मिटायच्या, आता उशिराने मिटू लागल्या. शेटजींनी मिठाला दोष दिला, म्हणाले या खेपेचं पोतंच खराब दिसतं. लॅक्टोमीटरने पाणी बरोबर दाखवलं. शेजारणी म्हणाल्या नजर लागली. बाईंनी मिरच्या ओवाळल्या, पण मीठ ओवाळायचं की नाही यावर अडल्या. कोणी म्हणे वरची हिरवी बुरशी हाच रोग. ती मी टवकीच्या पाठीवरून पुसून काढली. टवकी होती तशीच राहिली.

बाईंची तब्येत उतरायला लागली होती. अळणी जेवण काही त्यांना नवीन नव्हतं, पण ते चार महिन्यांचं असेल आणि जन्मभराचं असेल यात फरक आहे. एकदा मी ट्यूब फुगवत होतो तेव्हा त्या म्हणाल्या, कैरीचं लोणचं मले लई आवडते. एवढंच म्हणाल्या. मी ट्यूबमध्ये आणखी हवा भरली.

दुसऱ्या दिवशी मी दुकानातलं भिंग घेऊन गेलो. रेडिओचे बारीक आकडे वाचायला ते लागायचं. बाई पहाटे सामायिकाला, म्हणजे ध्यानाला उठतात, तेव्हाच मला यायला सांगितलं होतं, कारण त्यांच्या मते अंधार असतो तेव्हा टवकीच्या काठावर काही पांढरं दिसतं आणि दिवस वर आला की नाहीसं होतं. त्यांचं खरं होतं. खिडकीतून येणाऱ्या पहाटेच्या अंधुक उजेडात मी भिंगातून पाहिलं. टवकीच्या ओठालगत तांदळाच्या कणीएवढे पांढरे शंख ओळीने बसले होते. त्यांतल्या एकाच्या तोंडातून केसासारखी सोंड निघाली होती आणि ती शिंपलीच्या मऊ मांसात खुपसलेली होती. ते पीत होते. उजाडायला लागलं तसे एकेक खाली सरकले आणि शिंपलीच्या बुडाशी वाळूत दिसेनासे झाले. मुंबईहून शिंपल्यांच्या खाचेत बसून तेही आमच्या गावी आले होते, बिनतिकिटाचे.

ते सरकायच्या आधी मी बाईंना भिंग दिलं होतं. त्यांनी खूप वेळ पाहिलं आणि विचारलं, हेही जिवंत हायेत का. मी म्हटलं, टवकीपेक्षा जास्त.

काढायचं काम त्यांनी स्वतः केलं. त्यांच्याकडे पूंजणी होती, म्हणजे बसायच्या जागेवरचे किडे-मुंग्या न दुखवता बाजूला सारायची मऊ लोकरीची कुंचली. शिंपली वाडग्यातल्या खाऱ्या पाण्यात धरायची, काठावरून, सांध्याच्या खाचेतून, बुडाखालून पूंजणी फिरवायची, की शंख वाडग्याच्या तळाशी पडत. एकेका शिंपलीला त्या न्हाऊ घातल्यासारखा वेळ देत. कुठे चिकासारखा पारदर्शक थेंब चिकटलेला दिसे, त्यात बारीक ठिपके. ती शंखांची अंडी. त्या घरात अंडं हा शब्द उच्चारला जात नसे, म्हणून बाई त्याला बाळंतपण म्हणत. बाळंतपणही नखाने अलगद सोडवून घेत.

रोज पहाटे हे चालू झालं. आणि रोज तेवढेच शंख निघायचे. आठवडा गेला, दुसरा गेला, कमी होईनात. टवकीची फट आणखी बारीक झाली. मी चक्रावलो. शेवटी एके सकाळी काम संपेपर्यंत थांबलो आणि पाहिलं. बाईंनी वाडग्यातलं पाणी गाळलं, फडक्यावर राहिलेले शंख गोळा केले, हात जोडले, आणि पेटीत परत सोडले.

जैन घरात पाणी गाळून पितात. गाळल्यावर फडक्यावर जे जीव राहतात त्याला जिवाणी म्हणतात, आणि ज्या विहिरीचं पाणी त्याच विहिरीत ती जिवाणी परत सोडायची असते. दुसऱ्या पाण्यात गेले तर ते जीव मरतात. बाई लहानपणापासून हे करत आल्या होत्या. पेटीतून निघालेलं पेटीत गेलं. त्यांच्या हिशेबाने यात चूक कुठेच नव्हती.

मी चिडलो. म्हणालो की बाई, पंधरा दिवस झाले, मी पहाटे उठून तुमच्या घरी येतो, तुम्ही चोर पकडता आणि त्याच घरात सोडता. त्यांना ते तेव्हाच उमगलं. त्या पाटावर बसल्या त्या उठेनात.

मग शंख लोणच्याच्या एका रिकाम्या बरणीत वेगळे ठेवले. हे मी सुचवलं आणि मला वाटलं की प्रश्न मिटला. चार-सहा दिवसांत पोरी उघडायला लागल्या, टवकीसुद्धा. पण बरणीतले शंख कोपऱ्यात गोळा होऊन बसले, हलेनात. बाईंनी त्यांना हिरवं पाणी घातलं, डाळीचं पाणी घातलं, दुधाचा थेंब घातला. ते त्यांचं जेवण नव्हतं. एक मेला. त्या दिवशी बाई रडल्या, पदर तोंडाला लावून, बराच वेळ. नियमात शंखांचं नाव नव्हतं हे मी त्यांना सांगून पाहिलं.

"बाई, हे चोर हायेत. चोराले कोनी जेवू घालते का?"

"चोर असो का साव, भूक त सारखीच लागते ना, इंद्रभान," त्या म्हणाल्या.

मला तेव्हा तोंडावर आलं होतं की ज्या घरात किड्याच्या भुकेचा एवढा विचार होतो, त्या घरात मला अजून ओंजळीने प्यावं लागतं. मी यंत्राचा स्क्रू आवळत बसलो, जो आधीच आवळलेला होता.

तेवढ्यात देवळाची घंटा झाली. शिरपूरच्या देवळात दोन पंथांची पूजा असते आणि कोणी कधी करायची त्याच्या वेळा वाटून दिलेल्या असतात. एकांची वेळ संपली की ते बाहेर येतात, दुसरे आत जातात. गावातल्या लहान पोरालाही आता कोणाची वेळ चालू आहे ते सांगता येतं. बाईंनी घंटा ऐकली, डोळे पुसले आणि म्हणाल्या, बारी लावू.

त्यांनी बारी लावली. रोज एक शिंपली पेटीतून काढून मोठ्या वाडग्यात ठेवायची. बरणीतले शंख तिच्याजवळ सोडायचे. त्यांना अंधार आवडतो म्हणून वर टोपलं झाकायचं. संध्याकाळच्या जेवणाआधी पूंजणीने सगळे शंख झाडून बरणीत, शिंपली पेटीत. दुसऱ्या दिवशी दुसरी शिंपली. नऊ जणींची फेरी पूर्ण होईपर्यंत पहिलीला विश्रांती. टवकी अशक्त म्हणून तिला सूट, तिची बारी थोरली घेणार. मी ऐकून घेतलं आणि मनात म्हटलं, आता सगळेच मरतील.

कोणीच मेलं नाही. शंख पुन्हा चालायला लागले, शिंपल्या उघड्या राहिल्या. शेजारपाजारच्या बायका सकाळी विचारायच्या, आज कोणाची बारी हाये. शेटजी म्हणाले, या घरात माझीच बारी काय ती लागत नाही, आणि खिशातली पुडी काढून वरणात मीठ घातलं. मलाही पटलं नव्हतं, पण पेटीत वाकून पाहिलं की राग धरता येत नव्हता. थोरली चांगली बोटभर उघडून बसायची. मी दुकान बंद करून उगाच चक्कर मारायला लागलो.

कार्तिकी पौर्णिमा झाली, चातुर्मास संपला. शेटजींनी दुकान बंद ठेवायला होकार दिला, तो मीठ पुन्हा भाजीत पडेल या एका आशेवर. हवेसाठी मी बरोबर जायचं ठरलं. झाकणाला भोकं पाडलेला मोठा डबा, फुगवलेली ट्यूब, बरणी. निघायच्या आदल्या दिवशी मी बाईंना म्हटलं की प्रवासापुरते शंख उपाशी राहू द्या, एका दिवसाने काही होत नाही. त्यांनी मेलेल्या शंखाची आठवण काढली. म्हणाल्या, थोरलीची बारी लावू. ती दमदार हाये. अकोल्याला गाडीच्या आधी झाडून घेऊ, मग रात्रभर साऱ्यायले आराम.

म्हणून शंख थोरलीबरोबर एका लहान कडीच्या डब्यात निघाले.

बस मेडशीच्या पुढे पंक्चर झाली. उतारूंनी खाली उतरून आमच्या ट्यूबकडे आशेने पाहिलं. ड्रायव्हरनेही पाहिलं. चाक बदलेपर्यंत ऊन कललं, आणि अकोल्याला पोचलो तेव्हा दिवस मावळला होता. दिवा लावला की त्यावर किडे येऊन मरतात, म्हणून दिवस मावळल्यावर दिव्याच्या उजेडात काम करायचं नाही, हाही बाईंचा नियम. कडीचा डबा उघडायला उजेड लागणार. त्या प्लॅटफॉर्मवर डबा मांडीवर घेऊन बसल्या. मी म्हटलं, मी काढतो, मला नियम नाही. त्या म्हणाल्या, माझ्यासाठी तू केलंस तरी ते मीच केल्यासारखं. मी पुन्हा म्हटलं. त्यांनी मानेनेच नाही म्हटलं. गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. मी रात्रभर मोठ्या डब्यात हवा सोडत राहिलो, आणि त्या कडीचा डबा पदराखाली धरून बसल्या.

सकाळी मुंबईला समुद्राला ओहोटी होती. पाणी मागे सरलेलं, पुढे नुसता ओला गाळ. बाई पातळ घोट्याच्या वर खोचून आत गेल्या, मागून मी, काठावर चपला हातात घेऊन शेटजी. बाईंनी एकेक शिंपली गाळावर ठेवली. जरा वेळ काही झालं नाही. मग टवकीने जिभेसारखा मऊ पाय बाहेर काढला, गाळात खुपसला आणि एका हिसक्यात उभी झाली. दुसऱ्या हिसक्यात अर्धी आत. पाठोपाठ बाकीच्या. बघता बघता आठही जणी नाहीशा झाल्या, आणि गाळावर आठ बारीक भोकं राहिली. बाई हसल्या. त्यांना तसं हसताना मी पहिल्यांदाच पाहत होतो.

मग त्यांनी कडीचा डबा उघडला.

शिंपली मेली की मिटत नाही, उघडी पडते. थोरली पूर्ण उघडी होती. बाईंनी बोट लावलं, सावली धरली, गाळावर ठेवून वाट पाहिली. शंख अजून तिच्या ओठावरच होते, काही सोंड काढून चाचपत होते.

शेटजी काठावरून गाळात आले. त्यांनी समजावायला सुरुवात केली, आणि त्यांनी वाईट समजावलं असं मी म्हणणार नाही. म्हणाले, समुद्रात आणली तेव्हा समुद्रातच गेली असं धर. म्हणाले, मुंबईत आल्यावर मेली असेल. म्हणाले, शंखांनी मारली, तू नाही.

"थोरलीची बारी मीच लावली," बाई म्हणाल्या.

त्यांनी थोरलीच्या काठावरून पूंजणी फिरवली, अगदी घरी फिरवत तशी, घाई न करता. शंख ओंजळीत घेतले, आठ भोकांपासून दूर चालत गेल्या आणि पाण्यात सोडले. मला विचारलं, यायले खायले भेटन ना रे इथं. मला फार राग आला होता. शंखांचा राग होता, नियमाचा होता, माझा स्वतःचा होता की मी डबा हिसकावून का घेतला नाही. मी बाजूला जाऊन ट्यूबमधली हवा सोडून दिली. एवढी हवा उरली होती की ती बराच वेळ वाजत राहिली.

बाईंनी जन्मभराचं मीठ सोडलं. काचेची पेटी धुवून दुकानात परत गेली आणि तिच्यात पुन्हा गोळ्या आल्या. शेटजींच्या खिशात मिठाची पुडी कायमची झाली. मी कधीमधी जायचो, ओसरीवर बसायचो. आता आत जायचं काही कारण नव्हतं. पुढच्या वर्षी कैऱ्या आल्या तेव्हा बाईंनी लोणचं घातलं, शेटजींसाठी, चव न घेता. ते थोडं खारट झालं होतं.

अठ्ठ्याहत्तर साली माझ्या बहिणीचं, भागिरथाचं लग्न निघालं. आमच्या वस्तीत मांडव पडला. मी शेटजींकडे सांगायला गेलो, बाई म्हणाल्या, येईन, जेवायलेच येईन. मी घरी येऊन ते सांगितलं तर सगळे हसले. मोठ्या घरची माणसं आमच्याकडे येतात ती अशी, मांडवात उभी राहतात, आहेर देतात आणि पाणी न पिता जातात. आणि या बाईंकडे तर आता आयतं कारणही होतं, नियमाचं. कोणाला वाईट वाटायचं कारण नव्हतं.

माझ्या बायकोने, पंचफुलाने, मात्र ते खरं धरलं. कांदा-लसूण नाही, बटाटे नाहीत, पंगत दिवस मावळायच्या आत. इथवर ठीक होतं. मग ती म्हणाली, सगळा स्वयंपाक अळणी होईल. मी म्हटलं, बाईंपुरतं एक भगुलं वेगळं काढ ना. साऱ्या वऱ्हाडाला अळणी वरण वाढायचं म्हणजे नाक कापून घेणं होतं. तिने हातातलं उलथणं खाली ठेवलं.

"एक भगुलं वेगळं काहाडलं का ते वेगळंच दिसते," ती म्हणाली. "आपल्याले नाई ठाऊक त कोनाले ठाऊक हाये?"

अळणी वरण, अळणी भाजी, अळणी भात. प्रत्येक पंगतीत मिठाचं एक ताट फिरवायचं, ज्याला पाहिजे त्याने घ्यावं. नवऱ्याकडच्या मंडळींनी व्हायची तेवढी कुरकुर केली. एक म्हातारा म्हणाला, पोरगी देऊन राह्यले का दवाखाना. पंचफुलाने त्याच्या पानावर आणखी वरण वाढलं.

ऊन कलायच्या आधी अंगुरीबाई आल्या, शेटजींबरोबर. बायकांनी पाणी दिलं. त्यांनी तांब्या हातात घेतला, कमरेचं फडकं काढलं आणि पाणी गाळून प्यायल्या. मांडवात बऱ्याच कपाळांवर आठ्या पडल्या. माझ्याही कपाळावर आठी आली, आली नाही असं सांगत नाही. मग बाईंनी ते फडकं उलटं करून वाटीत झटकलं आणि पंचफुलाला विचारलं, तुमची विहीर कोन्या बाजूले हाये. पंचफुला त्यांना घेऊन गेली. आमच्या वस्तीच्या विहिरीवर, जिथे त्यांच्या घरचं कोणी कधी पाऊल टाकलं नव्हतं, तिथे बाईंनी दोर घेतला, वाटी खाली सोडली आणि त्या विहिरीची जिवाणी त्या विहिरीत परत दिली. मग येऊन पंगतीत बसल्या. दोन पोळ्या झाल्यावर तिसरी मागून घेतली आणि पंचफुलाला म्हणाल्या, वरण चांगलं झालं. शेटजींनी खिशातून पुडी काढली.

मिठाचं ताट पंगतीतून येत होतं. ते बाईंपाशी आलं तेव्हा त्यांनी उचललं आणि शेजारी बसलेल्या माझ्याकडे दिलं. म्हणाल्या, घे, तुले कायचा नियम.

मी ताट पुढे सरकवलं आणि तसाच जेवलो. नंतर पंचफुलाने विचारलं, मीठ काहून नाही घेतलं. मी म्हटलं, विसरलो.